थंड खोलीतली माती

हिमानीनं गांडूळखताच्या वाफ्यात मनगटापर्यंत हात घातला. माती ओली होती, वर गोणपाट होतं, सावलीही होती. बोटांना मात्र एकही जिवंत गांडूळ लागलं नाही.

"पानी रोज मारत होती मी," शारदामावशी मागून म्हणाली. "बाकीच्या बायकाईचे जगले, माहेच काऊन मेले? म्हनतात, शारदाच्या हातालेच बरकत नाही. तू मायेनं आणून देल्ले, अन् म्या मारून टाकले."

हिमानीला मान वर करवेना. शेगावातल्या याच परसात पूर्वी मावशीचे यजमान, काका, गाड्यांच्या शिशाच्या बॅटऱ्या दुरुस्त करत. इथं गांडुळं सोडावीत का, भाजी लावावी का, हे मावशीनं तिलाच विचारलं होतं. प्राणिशास्त्र शिकवणारी भाची घरचीच, मग दुसरीकडे कशाला जायचं? हिवाळ्यात, बुलढाण्याच्या गारव्यात, कॉलेजातल्या थंड खोलीत हिमानीनं ही माती बरणीत भरून त्यात गांडुळं सोडली. ती धडधाकट राहिली. शिसं मोजून घ्यायचा तिनं कंटाळा केला आणि फोनवर ऐटीत सांगितलं, "माती चांगली आहे, बिनधास्त लाव." घाटाखालच्या शेगावचा कडक उन्हाळा तिच्या ध्यानातच आला नाही. उकाड्यात गांडूळ जास्त माती गिळतं, शिसंही जास्त भिनतं. थंडीत सोसलं ते उन्हाळ्यात जिवावर उठतं. हे ती दरवर्षी मुलांना फळ्यावर लिहून देत होती. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

आत ताटं मांडली होती. मावशीची गरोदर सून प्रतीक्षा भिंतीला टेकून बसली होती. भाजी परसातल्या पालकाची होती.

"मावशी, चूक तुझी नाही. मातीतच शिसं असणार. मी नीट न तपासता तुला सांगितलं."

मावशीचे डोळे भरून आले. "पाह्य वं प्रतीक्षा, माह्यावरचा आळ आपल्या अंगावर घेऊन राह्यली पोरगी! खा वं, दोघीही पोटभर खा." तिनं दोघींच्या ताटात आणखी पालक वाढला.

मावशीचा हा समज असाच राहू द्यावा, असं क्षणभर हिमानीला वाटलं. निदान आजच्यापुरतं तरी. प्रतीक्षानं घास मोडला. तशी हिमानीनं तिचा हात धरला आणि ताट आपल्याकडे ओढून घेतलं. "मातीतलं शिसं भाजीतही उतरतं, मावशी."

मावशी हसता हसता थांबली. तिनं ताटाकडे पाहिलं, मग सुनेच्या पोटाकडे.

"हिवाळ्यापासून," ती म्हणाली, "मीच रोज वाढून राह्यली तिले."