खोक्यावर सुपरचार्जर, आत पंखा

मी एक जुना पंखा आहे, मित्रांनो. तळहाताएवढा, काळ्या प्लास्टिकच्या पात्यांचा. एखाद्या पेटीतलं तापलेलं यंत्र थंड ठेवावं, एवढ्यापुरताच मी घडलो होतो. पण कारखान्यातून निघताना मला चकचकीत निळी नळी जोडली आणि खोक्यावर छापलं, 'इलेक्ट्रिक सुपरचार्जर. इंजिनात जादा हवा, गाडीची ताकद दीडपट.' मला कोणी विचारलं नाही.

मला मागवलं कोल्हापूरच्या ऋतुराजनं. त्याच्याकडे वडिलांची जुनी मोटार होती. चढाला ती मागं पडायची आणि याला अपमान वाटायचा. मला घेऊन तो उद्यमनगरात आण्णांच्या गॅरेजात गेला. आण्णा हवाई दलात वीस वर्षं विमानांची इंजिनं उघडून निवृत्त झालेले. त्यांनी माझं पातं बोटानं फिरवलं आणि मान हलवली.

"बाळा, जोरात पळताना तुझं इंजिन सेकंदाला दोन-तीन घागरी हवा आपणहून वढतंय. ह्यो पंखा त्येवढी ढकलणार कशी? उलट नाकात बोळा घातल्यागत हुईल."

"मग विमानाला कसा चालतोय सुपरचार्जर?"

"त्येला इंजिनच फिरवतंय, कैक घोड्यांची ताकद खर्चून. ह्या पंख्याच्या मोटरीत केस वाळवायचीबी ताकद न्हाय. मी बसवणार न्हाय."

आण्णा खरं बोलत होते. मी सोडून ते कोणाला पटलं नाही. ऋतुराजनं हे बोलणं गुपचूप मोबाइलवर टिपलं होतं. 'विमानवाल्या आण्णांचं घागरीचं गणित' असं नाव देऊन त्यानं ते गावभर पाठवलं. लोक गाडी थांबवून गॅरेजासमोर ओरडू लागले, "आण्णा, दोन घागरी हवा भरा की!" पहिले दोन दिवस आण्णा हसले. मग ते दुपारीच शटर ओढून घेऊ लागले.

ऋतुराजनं मला घरीच बसवलं. बटण दाबलं की मी मोठ्यानं घोंघावायचो. माणसाला आवाज म्हणजेच ताकद वाटते, मित्रांनो, हे मी तेव्हा शिकलो. मित्र जमायचे, बॉनेट उघडून माझे फोटो काढायचे. ते कौतुक मला आवडायचं, हे लपवत नाही.

ऋतुराजची धाकटी बहीण निशिगंधा मात्र फोटो काढत नव्हती. ती फुटबॉल खेळायची. पुढच्याच आठवड्यात राज्याच्या संघाची निवड होती. ती म्हणाली, "दादा, भांडण कशाला? मोजूया की." पन्हाळ्याच्या चढाच्या एकाच टप्प्यावर तिनं तीन वेळा मला काढून आणि तीन वेळा मला लावून गाडीची वेळ घेतली. माझ्यासह गाडीला दर वेळी दोन सेकंद जास्त लागले.

"तुझं बोट चुकलं," ऋतुराज म्हणाला.

"सहाच्या सहा वेळा?"

"गप बस. तू काय इंजिनियर हाईस?"

पुढच्या रविवारी त्याच चढावर आमच्या पुढं उसाचा ट्रॅक्टर होता. निशिगंधा शेजारी बसली होती. "दादा, थांब. वळण हाय," ती म्हणाली. त्यानं माझं बटण दाबलं. मी ओरडलो, आणि माझ्या ओरडण्यावर विश्वास ठेवून त्यानं गाडी बाहेर काढली. ट्रॅक्टर संपता संपेना. मी जीव खाऊन फिरत होतो आणि इंजिनाच्या श्वासाच्या वाटेत आडवा उभा होतो. वळणावरून एसटी आली. ऋतुराजनं गाडी डोंगराच्या बाजूला घातली. गाडी गर्रकन फिरली आणि कड्याचा दगड निशिगंधाच्या दारावर बसला.

ऋतुराजला खरचटलं. तिचा डावा गुडघा चुरला. डॉक्टर म्हणाले, ती चालू शकेल, पण पुन्हा पळणार नाही.

दवाखान्यात आण्णा भेटायला आले. तिच्या उशाशी संत्री ठेवली आणि गेले. ऋतुराज मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिला, "एसटीवाल्याची चूक. माझी गाडी तर उडत हुती."

मोटार भंगारात गेली. मला त्यानं काढून घेतलं, ओल्या फडक्यानं पुसलं, उन्हात ठेवून फोटो काढला आणि मोबाइलवर विक्रीच्या जाहिरातीत लिहिलं, 'चालू स्थितीत. पिकअप जाणवतो.' चार दिवसांत गिऱ्हाईक दारात आलं. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गावातला माणूस, शाळेच्या पोरांची गाडी चालवणारा.

"पोरं भरली की चढाला दमती वो गाडी," तो म्हणाला. "ह्येनं फरक पडतोय न्हवं?"

"पडतोय की! घ्या पावणं, डोळं झाकून घ्या."

आतल्या खाटेवरून निशिगंधा ओरडली, "पावणं, घेऊ नका! माझा पाय बघा आन् मग—"

ऋतुराजनं मधलं दार लावलं. "बहीण हाय. आजारी असती," तो हसून म्हणाला. त्या माणसानं मान डोलावली आणि मला पिशवीत टाकलं.

मित्रांनो, आता मी रोज सकाळी तो चढ चढतो. मागं चौदा मुलं असतात. मला बोलता येत नाही, फक्त घोंघावता येतं, आणि तो आवाज ऐकून मुलं टाळ्या पिटतात. तुमच्या शाळेची गाडी चढाला अशी घोंघावत असेल, तर टाळ्या वाजवू नका. ड्रायव्हरकाकांना विचारा, "मोजून बघितलंय काय?" ते रागावले तरी पुन्हा विचारा. आणि उद्याच विचारा. आमच्या काकांना समोरचा ट्रक आता फार हळू वाटू लागला आहे.