संगणकातली सासू

केस पांढरा होता, जेमतेम एक इंच लांब आणि टोकाकडे निमुळता होत गेलेला. रामकिसन महाराजांच्या तळहातावर तो पडला होता आणि घिवली गावात एकनाथच्या ओटीवर जमलेली चाळीसेक माणसं माना उंचावून बघत होती. लांबी कुणी पाहिली नाही. रंग तेवढा पाहिला.

"देखो, नीट देखो! यंत्राच्या पोटातून निघाला. कोणाचा हा सफेद बाल?"

"काशीबायचा!" एकनाथच्या आत्याने, साखरबाईने, हंबरडा फोडला. "माझ्या वैनीचा!"

मंजुळा दाराला टेकून उभी होती. एकनाथ तिचा नवरा, काशीबाई तिची सासू. जाऊन सहा महिने झाले होते. त्याआधी अकरा महिने ती अंथरुणावर होती, आणि भरवणं, पुसणं, कूस बदलणं सगळं मंजुळेनेच केलं होतं. त्या काळात घराबाहेर पडता येत नव्हतं, म्हणून तिने एक जुना संगणक घेऊन शाळांच्या प्रश्नपत्रिका टाइप करायला सुरुवात केली. आता त्याच संगणकात सासू शिरली होती.

साल १९९८. गावात तो एकच संगणक. लोकांनी त्याला देवासारखा जपला. चप्पल काढल्याशिवाय कुणी ओटीलगतच्या त्याच्या खोलीत येत नसे. धूळ बसू नये म्हणून साखरबाईने विणलेलं जाड आच्छादन यंत्र चालू असतानाही त्याच्यावर असे. दोन महिन्यांपासून यंत्र वीस मिनिटं चालायचं आणि थिजायचं. माऊस सरकवला तरी पडद्यावरचा बाण अडखळायचा. बंद करून लगेच लावलं तरी पुन्हा तेच.

मग महाराज आले. त्यांनी यंत्राची वायर काढायला लावली, धूप घातला, मूठभर उदी जाळीतून आत फुंकली आणि अर्धा तास मंत्र म्हटले. नंतर बटण दाबलं, तर यंत्र चालू! लोकांनी जयजयकार केला. दुसऱ्या दिवशी ते पंधराच मिनिटांत थिजलं. "आत्मा भुका आहे," महाराज म्हणाले. आज त्यांची तिसरी खेप, आणि गेल्या खेपेला जाळीतून काढलेला केस ते आज सगळ्यांना दाखवत होते.

"बहूने शपथेचा नारळ उचलायचा," महाराजांनी हुकूम सोडला. "सासूला पाण्यावाचून तडपवलं, असं सगळ्यांसमोर कबूल करायचं. आणि यंत्र मठात द्यायचं. तिथे आत्मा शांत होईल."

"मठात टाइप कोन करनार, महाराज? म्हातारी?" मागून जानूने विचारलं. तो तारापूरच्या कारखान्यात कामाला होता. काही जण हसले, साखरबाईने डोळे वटारले तसे थांबले.

एकनाथने नारळ आणून मंजुळेसमोर धरला. "घे ना. एकदा बोलून टाक."

"मी पानी नाय दिला? तू होतास ना घरात?"

"मला म्हाईत हाय गं. पन लोक काय बोलतात बघ."

तेवढ्यात पुष्पलताबाई ओटीवर चढल्या. त्या बोईसरच्या शाळेत विज्ञान शिकवत. त्यांच्या प्रश्नपत्रिका मंजुळाच टाइप करी. माझ्या शेजारची खोली रिकामी आहे, मशीन घेऊन तिकडे ये, स्वतःच्या पायावर उभी राहा, असं त्या वर्षभर सांगत होत्या. आधी मंजुळा म्हणे, "सासूबाई हायत." त्या गेल्यावर म्हणे, "बघते."

केसाची गोष्ट मंजुळेने त्यांना कळवली होती, म्हणून बाईंच्या हातात शाळेचा सूक्ष्मदर्शक होता. "तो केस जरा द्या, महाराज."

"बाई, आत्म्याची परीक्षा करणार?"

"आत्म्याची नाही. केसाची."

चाळीस माणसांसमोर नाही म्हणणं महाराजांना जमलं नाही. बाईंनी काशीबाईंची फणी मागून घेतली. तिच्यात अजून केस अडकलेले होते. मग कोपऱ्यात निजलेल्या पांढऱ्या मांजरीच्या पाठीवरचा एक केस उचलला. मांजर काशीबाईंचीच. त्या गेल्यापासून ती संगणकाच्या मागे, जिथे गरम हवा बाहेर पडते तिथे अंग मुडपून पडलेली असे. मंजुळेच्याने तिला हाकलवत नसे.

आरसा उजेडाकडे फिरवून बाईंनी तिन्ही केस एकेक करून दाखवले.

"फणीतला सरळ काडीसारखा हाय," जानू डोळा लावून म्हणाला. "मधी बारीकशी रेघ. मांजरीचा... ह्यात मनी ओवल्यासारकं दिसतंय. आनि महाराजांचा..." त्याने डोळा पुन्हा लावला. "ह्यात पन मनीच हायत की!"

बाईंनी मग वायर काढून डब्याचे स्क्रू सोडले. आतल्या पंख्यावर राखाडी दाट थर बसला होता: केस, धूळ आणि महाराजांची उदी. पाती त्यात रुतून गेली होती. त्यांनी ते सगळं चिमट्याने ओढून वर्तमानपत्रावर ठेवलं आणि रंगाच्या कोरड्या ब्रशने बाकीचं झाडलं. माऊसच्या पोटातली गोळी काढली, तर आतल्या बारीक रुळांवर तसेच केस गुंडाळलेले.

"पंखा अडला, वरून आच्छादन. यंत्र तापतं आणि थिजतं. अर्धा तास बंद ठेवलं की निवतं. महाराजांच्या जागी मी तेवढा वेळ गप्प बसले असते, तरी ते चालू झालं असतं."

"महाराज, तुमी आदी मोटर वाइंडिंगच्या दुकानात व्हता ना?" जानूने टोला मारला. "तापलेली मोटर निवायला किती येळ लागतो, तुमाला नाय म्हाईत?"

आच्छादन न घालता यंत्र लावलं. तासभर सगळे बसून राहिले. ते चालतच राहिलं.

महाराज मात्र डगमगले नाहीत. "मग तेच तर! म्हातारीनेच मांजरीचं रूप घेतलं!"

आणि ओटीवर पुन्हा कुजबुज सुरू झाली. "व्हय गं बाय," साखरबाई म्हणाली, "म्हनून तर ती मांजर तिथंच बसते."

पुष्पलताबाईंचा आवाज चढला नाही. "केस माणसाचा निघाला तरी काशीबाई, मांजराचा निघाला तरी काशीबाई. मग काय निघालं असतं, तर महाराज चुकले असं तुम्ही म्हणाला असतात? तेवढं एक सांगा. जे कधी खोटं ठरूच शकत नाही, त्यावर एका बाईची अब्रू घेऊ नका. यंत्र बिघडलं तर उघडून बघा. माणसावर आरोप आला तरी तसंच करा: आधी बघा, मग बोला."

 पण कुणी उठलं नाही. सगळे नारळाकडे बघत होते.

एकनाथ मंजुळेजवळ सरकला. "मशीन चाललं ना? झालं तर. बाईंचं खरं हाय, मला पटलं. पन आता लोक जमलेत, आत्या रडते. नारळ उचल, माफी माग, म्हंजे मिटलं. तुझं काय जातंय?"

मंजुळेने त्याच्याकडे पाहिलं. त्याला सगळं पटलं होतं, आणि तरी नारळ त्याच्या हातातून खाली येत नव्हता.

"बाई," ती वळून म्हणाली, "ती खोली अजून रिकामी हाय का?"

"आहे."

"मग मी येते. ऱ्हायला."