रोजचे वीस लिटर जास्त

मांजरसुंब्याच्या चौकात चन्नप्पाचं पाइप-फिटिंगचं दुकान पस्तीस वर्षं चाललं. साठी उलटल्यावर त्याने ते पुतण्याच्या, अमरनाथच्या हवाली केलं आणि शाळेची एक जुनी मिनीबस विकत घेतली. बायकोला, नीलाबाईला, श्रीशैलला जायचं होतं. लग्नानंतर एकदाच गेले होते दोघं, तेही भाड्याच्या जीपमध्ये दहा माणसांबरोबर, आणि पंधरा मिनिटांत दर्शन उरकून परत. आता तिला सावकाश जायचं होतं. पण लॉजच्या मोरीत पाय ठेवायला ती तयार नसायची. म्हणून चन्नप्पाने गाडीतच घर करायचं ठरवलं.

सहा महिने तो त्यात गढून गेला. मागच्या बाजूला पलंग, खिडकीखाली ओटा, कोपऱ्यात पडदा लावून न्हाणी. बाकी सगळं सुताराने केलं, पण पाण्याची टाकी त्याने स्वतः बनवून घेतली. मागच्या चाकाच्या फुगवट्यावर बसवायची म्हणून टाकीचा आकार वेडावाकडा झाला. खाली अरुंद, वर रुंद. लांबी-रुंदीचा गुणाकार करून तिच्यात किती पाणी मावतं ते कळेना. मग त्याने टाकीला बाहेरून पारदर्शक नळी जोडली, गाडी सपाट फरशीवर उभी केली आणि दहा लिटरची बादली मोजून ओतायला सुरुवात केली. प्रत्येक बादलीला नळीवर लाल खूण. खालच्या खुणा लांब लांब पडल्या, वरच्या जवळ जवळ आल्या. अकरा बादल्या मावल्या. तळाचं आठ लिटर पंप ओढत नव्हता.

"म्हंजे वापरायला एकशे दोन," तो म्हणाला. "पूजा, चहा, पिणं धरून दहा. सैपाक अन् भांडी चौदा. दोघांच्या आंघोळी वीस. हातपाय धुवायला सा. रोज पन्नास. दोन दिवस टाकीकडं बगायचं काम न्हाई."

"तुमचं गणित कदी चुकलंय का?" नीलाबाई हसून म्हणाली होती.

पण पहिल्याच खेपेला चुकलं. गाडी पारखायला म्हणून दोघं कपिलधारला एक दिवस राहून आले. धबधब्याकडे जाणारी माणसं थांबून गाडीत डोकावत होती, नीलाबाई सगळ्यांना हौसेने ओटा दाखवत होती. दुसऱ्या सकाळी चन्नप्पाने नळी बघितली, तर सत्तर लिटर खपलेलं. कुठलातरी जोड गळतोय असं त्याने धरलं. घरी आल्यावर टाकी भरली, पंप बंद केला, एक दिवस एक रात्र गाडी तशीच ठेवली. पातळी केसभरही हलली नाही. तरी त्याने पाइपच्या वळणावरचे दोन एल्बो बदलले, नवीन टेप गुंडाळली. पस्तीस वर्षं लोकांच्या गळत्या काढलेल्या माणसाला आपल्याच गाडीतली सापडेना, याची त्याला चीड आली होती.

दिवाळीनंतर दोघं निघाले. लातूर, मग कलबुर्गी. पहिला दिवस, सत्तर. दुसऱ्या दिवशी दुपारी नीलाबाई भाजीला फोडणी घालत असताना नळ खरखरला आणि थांबला. पंप कोरडाच घुमत राहिला. चन्नप्पा धावत आत आला आणि त्याने बटण बंद केलं.

"कावून सांडतीस इतकं पाणी?" तो ओरडला. "टाकी गळत न्हाई, म्या तपासलंय. मग रोजचं वीस लिटर जातंय कुठं? आपण बीडची माणसं. आठ-आठ दिवसांनी नळ येतोय आपल्या घरी. तुला काय सांगायचं पाण्याचं?"

नीलाबाईने गॅस बंद केला. "आंगुळीला जास्त घेतलं असंल," ती हळूच म्हणाली. "आता ध्यान ठिवते."

पुढच्या गावात टाकी भरून घेतली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चन्नप्पाने नळी बघितली आणि खूश झाला. अडतीस लिटर! "बगितलंस? मनावर घेतलं की जमतंय," तो म्हणाला. ती मान डोलावून पलंगावर कलंडली. प्रवासाने थकली असेल, असं त्याला वाटलं.

रायचूरच्या अलीकडे एका पेट्रोल पंपावर त्यांनी सकाळी गाडी लावली. नीलाबाई तांब्या घेऊन तिथल्या नळावर गेली. कोरड्या चाललेल्या पाण्याच्या पंपाची जाळी साफ करावी म्हणून चन्नप्पाने गाडीतल्या बाकाची फळी उचलली. पंपाच्या मागे, अगदी कोपऱ्यात, गाठ मारलेली एक प्लास्टिकची पिशवी खुपसून ठेवलेली होती. कचरा असेल म्हणून त्याने गाठ सोडली. आत जुन्या लुगड्याच्या घड्या होत्या. रक्ताने भरलेल्या, वाळून कडक झालेल्या. वास आला तसा त्याचा हात मागे आला.

तो फळी धरून तसाच उभा होता. नीलाबाई पायरी चढून आत आली आणि तिने पिशवी बघितली. तिने आधी तांब्या नीट ओट्यावर ठेवला.

"कवापासून?" त्याने विचारलं.

"पोळ्याच्या आदीपासून."

"तुझी पाळी बंद होऊन तर आठ वर्सं झाली."

"झाली की." ती पलंगाच्या कडेला बसली. "पयले थोडं थोडं जायचं. आता लई जातंय. तुमी चहाला, डिझेलला उतरले की धुऊन घेत होते. परवा तुमी पाण्यावरून बोलले, मग धुतलंच न्हाई. आंगूळबी केली न्हाई. म्हनलं, श्रीशैल हुस्तोर ठिवावं तसंच."

"मला सांगायचं न्हाई?"

"सांगितलं असतं तर तुमी गाडी काडली असती का? दवाखान्यात घालून बसवलं असतं." मग ती म्हणाली, "तुमी सा महिने राबले हो त्या गाडीवर."

चन्नप्पा तिच्याजवळ बसला. मग उठून त्याने बादली नळाखाली लावली, कॉक पूर्ण सोडला आणि बादली तुडुंब भरू दिली. "आदी आंगूळ कर," तो म्हणाला. तो बाहेर जाऊन उभा राहिला. आत पाणी पडल्याचा आवाज बराच वेळ येत होता.

रायचूरमध्ये एका डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं. चन्नप्पाने मोडक्या कानडीत विचारलं, "दोन दिवस उशीर झाला तर फरक पडेल का? देवाचं दर्शन राहिलंय."

"दोन दिवसांनी नाही पडणार," बाई म्हणाल्या. "तीन महिन्यांपूर्वी आला असता तर पडला असता."

ते श्रीशैलला गेले. नीलाबाई रांगेत त्याच्या खांद्याला धरून उभी राहिली, पिंडीवर हात ठेवला आणि बाहेर येऊन पायरीवर निवांत बसली. ठरल्याप्रमाणे तिथे चार दिवस राहायचं होतं. ते दुसऱ्याच सकाळी परतले.

गर्भाशयातून आजार पुढे गेलेला होता. कॅन्सरच्या दवाखान्याच्या आवारातच गाडी लावून त्यांनी पंचवीस दिवस काढले. रोज विजेचा शेक द्यायला तिला आत न्यायचं आणि परत आणायचं. आता तिची लुगडी चन्नप्पा धूत होता. ती पहिल्या दिवशी रडली, "तुमी नका हो," म्हणाली, नंतर तसं म्हणायची बंद झाली. टाकी दिवसातून दोनदा भरावी लागायची. नळीकडे तो बघायचाही नाही.

माघात नीलाबाई गेली. गावाबाहेर लिंगायतांच्या जागेत तिला बसवून माती दिली. तिचं इष्टलिंग तिच्या हातात ठेवताना चन्नप्पाने तिची बोटं स्वतः मिटवली.

मुलगा मृत्युंजय पुण्याहून आलेला होता. तेरा दिवस झाल्यावर निघायच्या आदल्या दुपारी तो बापाजवळ ओसरीवर बसला. "आप्पा, आईचं तुम्ही सगळं केलंत. शेवटपर्यंत केलंत," तो म्हणाला.

"म्या तिला पाण्यावरून बोललो रे," चन्नप्पा म्हणाला.

"तुम्हाला कुठं ठाऊक होतं?"

"ठाऊक न्हवतं. पन टाकी चारदा तपासली म्या. दोन एल्बो बदलले. तिला एकदाबी विचारलं न्हाई, की बाई, बरी हाईस ना."

चन्नप्पाने खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं आणि जेवणं झाली का ते विचारायला तो आत गेला.