रविवारचा निकाल

मधुसूदनराव देवपुजारींना रहस्यकथेतला खुनी चाळिसाव्या पानाच्या आत सापडायचा, आणि सापडला की घरात जाहीर केल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरायचा नाही. खापरखेड्याच्या वीज केंद्रात शिफ्ट इंजिनिअर म्हणून त्यांनी तेहतीस वर्षं काढली आणि तेवढ्या काळात कॉलनीच्या क्लबातली रहस्यकथांची दोन्ही कपाटं पालथी घातली. निवृत्तीनंतर नागपुरात फ्लॅट घेतला, तोसुद्धा वाचनालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे म्हणून. तिसरा मजला बायकोच्या, यमुताईंच्या, गुडघ्यांना झेपेल का, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

वाचनालयाच्या सभासदांचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप होता, दोनशे-सव्वादोनशे माणसांचा. दर रविवारी सकाळी मधुसूदनराव आठवड्यात वाचलेल्या पुस्तकांवर आपलं मत तिथे टाकत. ग्रुपात त्याला ‘रविवारचा निकाल’ असंच नाव पडलं होतं, आणि निकाल कडक असे. “मालिकेचा चौथा भाग म्हणजे चौथ्यांदा उकळलेली चहापत्ती. रंग येतो, चव येत नाही.” “लेखकाला काही सुचेनासं झालं की तो नायकाचा हरवलेला भाऊ शोधून काढतो.” “परदेशी थ्रिलर म्हणजे बर्फ, दारू आणि बापाशी भांडण. खून मध्ये कुठेतरी उरकून घेतात.” शेवटी, न चुकता, खुनी कोण ते. लोक कुरकुरत. मधुसूदनराव म्हणत, ज्याला फक्त खुनी पाहिजे त्यानं पेपर वाचावा, पुस्तक बांधणीसाठी वाचतात. मात्र आपण खुनी कितव्या पानावर ओळखला, हे लिहायला ते कधी विसरत नसत.

दोन वर्षांपूर्वी काचबिंदूनं त्यांचा उजवा डोळा गेला आणि गेल्या दिवाळीपर्यंत डाव्याचंही संपलं. उजेड कळे, अक्षर कळत नसे. मुलगा पुष्कर पुण्याहून येऊन फोनवर बोलकी पुस्तकं लावून देऊन गेला. ती दोन दिवस चालली.

“हा माणूस वाचत नाही, नाटक करून राहिला,” मधुसूदनराव म्हणाले. “खुनी बोलला की आवाज बदलतो याचा. मग मी ओळखू काय?”

तेव्हापासून रोज दुपारी चार ते सहा यमुताई वाचायच्या आणि ते ऐकायचे. ऐकता ऐकता दुरुस्त करायचे. “स्वल्पविराम खाल्लास.” “मागचं पान घे.” “घाई काहून करून राहिली? तुला कुठे जायचं आहे?”

वाचनाचा यमुताईंना कंटाळा नव्हता. एके काळी तर त्यांनी लिहिलंही होतं. पुष्कर पाच वर्षांचा असताना कॉलनीच्या गणेशोत्सवात बायकांची कथास्पर्धा ठेवली होती. दोन महिने दुपारच्या वेळी बसून यमुताईंनी एक रहस्यकथा लिहिली. क्वार्टर आतून बंद, आत एक ठेकेदार मरून पडलेला, आणि दिवस भाऊबीजेचा. वही कपाटात साड्यांखाली होती, ती मधुसूदनरावांना सापडली. त्यांनी ती क्लबात नेली आणि चार कुटुंबांसमोर मोठ्यानं वाचायला घेतली. तिसऱ्या ओळीवर थांबले.

“शेजारीण,” ते म्हणाले. “झालं. खून करायच्या आधीच पकडली गेली बिचारी.”

सगळे हसले. चिवड्याच्या प्लेटा फिरवत असलेल्या यमुताईही हसल्या. खुनी शेजारीणच होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी वही बंबात घातली. स्पर्धा झाली, बक्षिसं वाटली गेली, पण कथेचं पुढे काय झालं हे मधुसूदनरावांनी विचारलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

जे सुरू झालं ते चुकून सुरू झालं. जानेवारीत यमुताईंनी डॉक्टर रेगुंडवारांच्या मालिकेतलं नवं पुस्तक आणलं होतं. हे रेगुंडवार निवृत्त पशुवैद्य, गुरं तपासता तपासता गावातले खून उकलणारे. मधुसूदनरावांचा हा लाडका माणूस. एकतिसाव्या पानावर त्यांनी सांगून टाकलं, “मेलेल्याची विधवा बहीण. पाहुण्यांना चहा देते आणि कोणालाच काही विचारत नाही. न विचारणारा माणूस खुनी असतो, लिहून घे.”

चार दिवसांनी यमुताई शेवटच्या प्रकरणाला पोचल्या आणि पान उलटलं तर पुढे काही नव्हतं. शेवटची सोळा पानं बांधणीतून निखळून गेली होती. आणताना तपासून काहून नाही आणलं, हे आता निदान आठवडाभर ऐकावं लागणार होतं. यमुताईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. ते मान किंचित वाकडी करून वाट बघत होते. मग पुठ्ठ्याच्या आतल्या कोऱ्या कागदावर नजर ठेवून त्यांनी पुढे ‘वाचायला’ सुरुवात केली.

खुनी त्यांनी कंपाउंडर केला. का, ते त्यांनाही लगेच सांगता आलं नसतं. पण बोलता बोलता सगळं जुळत गेलं. सहाव्या प्रकरणात त्याच्या हाताला पट्टी होती, बैलाच्या औषधाची बाटली त्यानंच परत ठेवली होती, आणि बहीण गप्प होती ती त्याला पाहिलं होतं म्हणून. वीस मिनिटं त्या अडखळल्या नाहीत.

“कंपाउंडर,” मधुसूदनराव म्हणाले. “पट्टी. पट्टीकडे माझं लक्ष गेलं नाही.”

त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. यमुताई मात्र ताटात दुसऱ्यांदा भात घेऊन जेवल्या. आठ दिवसांनी त्यांनी वाचनालयातून त्याच पुस्तकाची दुसरी प्रत मागून घेतली आणि उभ्या उभ्या शेवट वाचला. विधवा बहीणच होती. मधुसूदनराव बरोबर होते. प्रत परत करून त्या घरी आल्या आणि काही बोलल्या नाहीत.

पुढच्या पुस्तकाची सगळी पानं जागच्या जागी होती. यमुताईंनी ते आधी सकाळी स्वयंपाकघरात बसून पूर्ण वाचलं. मधुसूदनरावांनी कोणावर बोट ठेवलं, ते ऐकून घेतलं. बोट बरोबर माणसावर होतं. मग दुपारच्या वाचनात त्या अधूनमधून एखादं वाक्य आपल्या पदरचं घालू लागल्या. कुठे एक चुकीच्या वेळी बंद झालेलं दार, कुठे चिखलाची चप्पल. शेवटच्या प्रकरणाला पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि खून भलत्याच माणसाच्या गळ्यात घातला. मधुसूदनराव चुकले. त्याच्या पुढच्या पुस्तकातही चुकले. मार्च संपेपर्यंत ते सलग सात पुस्तकांत चुकले होते.

“बांधणी चोख आहे पण,” एकदा ते म्हणाले. “हा लेखक सुधारला हो. सगळं समोर मांडून ठेवतो आणि तरी दिसू देत नाही. याच्यात दम आहे.”

यमुताईंनी चष्मा काढून पुसला. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी ऐकलेली ही पहिली शाबासकी. तीही परक्या माणसाच्या नावावर जमा झाली होती. तेवढ्यानं त्या विरघळल्या असत्या तर गोष्ट इथे थांबली असती.

पण रविवार होते. मधुसूदनराव सांगत आणि यमुताई फोनवर टाइप करत. “डॉक्टर रेगुंडवार मालिकेचा हा सर्वोत्तम भाग. खुनी कंपाउंडर, आणि मान्य करतो, मला ओळखता आला नाही.” यमुताईंनी एक अक्षर बदललं नाही. पाठवून दिलं. दहा मिनिटांत उत्तरं आली. काका, खुनी बहीण आहे ना? काका, तुम्ही दुसरंच पुस्तक वाचलं का? पुढच्या रविवारी हसणारे चेहरे आले. तिसऱ्या रविवारी भूमिका नावाच्या एका कॉलेजच्या मुलीनं लिहिलं की आता याला ‘रविवारचा विनोद’ म्हणावं, आणि त्यावर एकोणतीस जणांनी अंगठे वर केले.

“काय म्हणतात लोक?” मधुसूदनराव विचारत.

“आवडलं म्हणतात.”

“कोण कोण?”

यमुताई नावं वाचून दाखवत. नावं खरी असत.

एप्रिलच्या शेवटी एका दुपारी श्रीधर आले. खापरखेड्यापासूनचे मित्र, एकाच शिफ्टमधले, आता वाचनालयाच्या समितीवर. बाहेर ऊन मी म्हणत होतं. कूलरसमोर बसून त्यांनी दोन ग्लास पन्हं घेतलं, हवापाण्याचं झालं, तरी मुद्द्यावर येईनात. शेवटी ग्लास खाली ठेवून म्हणाले, “मधू, थोडे दिवस ते निकाल बंद ठेव.”

“काहून?”

“चुकून राहिला तू. रेगुंडवारच्या पुस्तकात कंपाउंडर खुनी नाही आहे. बहीण आहे. त्याच्यानंतरचंही सगळं चुकलं. पोरं हसतात रे ग्रुपवर. मला बघवत नाही.”

मधुसूदनराव मोकळेपणानं हसले. “श्रीधर, तू पहिल्यापासून घाईघाईनं वाचतो. कंपाउंडरच्या हाताला पट्टी होती की नाही?”

“कसली पट्टी?”

“सहाव्या प्रकरणात. यमू, हा आला आहे तर ते गेल्या आठवड्यातलं पुस्तक घे. लॉकरचं. घरीच आहे ना अजून? त्याचा शेवट वाच. त्यात पुतण्या खुनी आहे. ऐकू दे याला.”

यमुताई उठल्या. टेबलावरून पुस्तक घेतलं आणि शेवटून दहावं पान उघडलं. इथे त्यांना बोलता आलं असतं. मी गंमत केली, एवढं एक वाक्य पुरलं असतं. श्रीधर भावजी हसले असते, मधुसूदनराव महिनाभर बोलले नसते, आणि सगळं मिटलं असतं. त्यांनी चष्मा लावला आणि छापलं होतं तसं, एक शब्द न गाळता, स्वल्पविराम न खाता, दोन पानं वाचली. बँकेचा मॅनेजर इन्स्पेक्टरसमोर बसून खुनाची कबुली देत होता. पुतण्याचं नावसुद्धा त्यात नव्हतं.

मधुसूदनरावांनी हात पुढे केला. यमुताईंनी पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी कव्हरवरून, पाठीवरून, पानांच्या कडांवरून बोटं फिरवली.

“हे तू मला वाचलं होतंस?”

“हो.”

“असंच?”

“असंच वाचलं होतं. तुम्ही म्हणालात, मॅनेजर मला पहिल्यापासून माहीत होता.”

कूलरचा आवाज चालू होता. श्रीधर जमिनीकडे पाहत होते. मधुसूदनरावांचा चेहरा हळूहळू असा झाला, की यमुताईंनी तसा कधी पाहिला नव्हता, सासूबाई गेल्या तेव्हाही नाही.

“मला पुतण्या आठवतो,” ते म्हणाले. “त्याची चिखलाची चप्पल आठवते.”

“होतं असं वयानं,” श्रीधर म्हणाले आणि मित्राच्या खांद्यावर हात ठेवला.

पुष्कर लगेच सुटी काढून आला. डोक्याच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी महिने उलटे म्हणायला लावले, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, पाच शब्द सांगून दहा मिनिटांनी परत विचारले. मधुसूदनरावांनी एकही चूक केली नाही. डॉक्टर म्हणाले, या वयाला उत्तम आहे, काळजीचं कारण नाही. गाडीत बसल्यावर मधुसूदनराव म्हणाले, “मला बरं वाटावं म्हणून बोलून राहिला तो. डॉक्टरला अशा वेळी खरं सांगता येत नाही.”

स्टेशनवर निघताना पुष्करनं आईला बाजूला घेतलं. “आई, तू एकटी कशी निभावशील गं?”

“सवय आहे,” यमुताई म्हणाल्या.

मुलाला सांगावं असं त्यांना क्षणभर वाटलं. पण सांगून टाकलं की ते संपणार होतं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याजवळ असं काही होतं, जे त्या माणसाला ओळखता आलं नव्हतं.

रविवारचा निकाल बंद झाला. मधुसूदनरावांनी दोन ओळींचा निरोप सांगितला, प्रकृतीच्या कारणानं रजा घेतो, चुकांबद्दल माफी असावी. त्यावर शंभराहून अधिक जणांनी हात जोडले. भूमिकानंही लिहिलं, काका, तुमची आठवण येईल. यमुताईंनी ते सगळे निरोप एकेक करून वाचून दाखवले. ते भिंतीकडे तोंड करून ऐकत होते.

वाचन मात्र चालू राहिलं, कारण दुपार काढायची होती. पण आता ते कोणावर बोट ठेवत नसत. यमुताई सगळं छापल्याप्रमाणे वाचत, बदलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. दोन-तीनदा त्यांनीच विचारलं, “कोण वाटतो तुम्हाला?” तर ते म्हणाले, “मला काय कळतं आता. तू वाच.” दुरुस्त करणंही थांबलं. एका प्रकरणात यमुताईंनी मुद्दाम तेच पान दोनदा वाचलं. फक्त त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर घट्ट झाली.

मग ते लहानसहान गोष्टीही विचारू लागले. आंघोळ झाली ना माझी? पुष्करचा फोन काल आला की परवा? सकाळी मी कोणावर ओरडलो तर नाही ना? त्यांना सगळं नीट आठवत असे, हे यमुताईंना दिसत होतं. पण बायकोच्या तोंडून ऐकल्याशिवाय ते त्यावर विश्वास ठेवत नसत. कधी यमुताई खरं सांगत. कधी सांगत नसत. कधी काय सांगायचं, याचा काही नियम नव्हता, आणि त्यामुळे ते जास्तच सोपं जात होतं.

जूनमधल्या एका दुपारी रंभाबाई फरशी पुसत होती. ती कुहीकडची, सहा वर्षांपासून त्यांच्याकडे कामाला. मधुसूदनराव खुर्चीत बसून वाचन सुरू व्हायची वाट बघत होते.

“यमू, आज मंगळवार ना?”

“बुधवार,” यमुताई म्हणाल्या.

रंभाबाई पुसता पुसता थांबली. “नाही जी बाई, मंगळवार हाय आज. मले मंगळवारचा उपास असते न. सकाळपासून काही खाल्लं नाही मी.”

यमुताईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “बुधवार आहे, रंभाबाई. तुझा उपास कालच झाला.”

रंभाबाईनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, मग साहेबांकडे, मग पुन्हा बाईंकडे. हातातला पोतेरा तसाच लोंबत राहिला.

“असन जी,” ती शेवटी म्हणाली.

“तिला बोलू नको, यमू,” मधुसूदनराव हळूच म्हणाले. “मीही मंगळवारच समजत होतो.”

त्यांनी हात पुढे करून चाचपडत यमुताईंचं मनगट शोधलं आणि धरून ठेवलं. रंभाबाई बादली उचलून आत निघून गेली. यमुताईंनी दुसऱ्या हातानं पुस्तक उघडलं आणि कालच्या पानापासून वाचायला सुरुवात केली.