मला दोनदा कापावं लागलं

ऐका, मी सायकलचं कुलूप बोलतोय. अंगठ्याएवढ्या जाड पोलादाची कमान आणि खाली आडवी दांडी. भट्टीतून तावूनसुलाखून निघालोय, म्हणून थोडी ऐट आहे, ती चालवून घ्या.

माझी मालकीण घरोघरी जाऊन इंजेक्शनं देणारी नर्स. माझ्याआधी तिच्याकडे कुलपाची केबल होती. दिसायला जाडजूड, पण जाडी सगळी वरच्या प्लॅस्टिकची, आत बारीक तारांचा पीळ. चोराने ती भाजीच्या देठासारखी कापली आणि सायकल गेली. "बडा घर पोकळ वासा," असं म्हणत दुरुस्तीवाल्याने नव्या सायकलबरोबर मला तिच्या हातात ठेवलं. वर बजावलं, "ताई, याचं पोट रिकामं ठेवू नका. चौकट, चाक, खांब, तिन्ही आत कोंबा. फट राहिली की पहार शिरते."

तीन वर्षं तिने हे पाळलं. कात्र्यांचे दात माझ्यावर बोथट झाले. हातोडीचंही चाललं नाही, कारण मालकीण मला जमिनीला टेकू देत नसे. टेकलो की जमीनच चोराची ऐरण होते.

एका सकाळी घाई नडली. चाक बाहेरच राहिलं आणि ती जिना चढून गेली. फट दिसताच एकाने पहार घालून सगळा जोर लावला. मी वाकलो, पण सुटलो नाही. वर दार वाजलं तसा त्याने पोबारा केला.

ती खाली आली, किल्ली घातली, तर फिरेना. दांडी वाकून आतली कळ अडकली होती. शहराच्या त्या टोकाला एक आजोबा इन्सुलिनसाठी खोळंबले होते. पायी तास लागला असता. "अरे बाबा, आता तरी सुट," ती म्हणाली. चोराला न घाबरलेला मी लाजेने मेलो.

फोन केल्यावर दुरुस्तीवाला पोलाद कापायचा ग्राइंडर घेऊन धावत आला. ज्या ग्राइंडरची जन्मभर धास्ती घेतली, त्यालाच मी मनात म्हटलं, काप रे, लवकर काप. ठिणग्या उडाल्या, एक बाजू तुटली, तरी दुसरी धरूनच. "पठ्ठ्या आहे, दोनदा कापावं लागणार," तो म्हणाला. दुसरा काप बसला आणि ती टांग मारून निघाली. मागे वळूनही पाहिलं नाही, आणि तेच बरोबर होतं.

आता दुकानाच्या फळीवर माझे दोन तुकडे असतात. चोरांचं आम्ही कुलपं बघून घेऊ. तुमच्या घाईपुढे मात्र आमचं काही चालत नाही, तेवढी तुम्ही आवरा.

मला कापलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती नवं कुलूप न्यायला आली. "आजोबांना वेळेवर सुई मिळाली," एवढंच तिने सांगितलं. मला तेवढं पुरलं.