झुकत्या मापाचा काटा आणि मोहिनीचा गुडघा

मित्रांनो, तुम्ही माझ्यावर उभे राहिलात तर मी तुमचं वजन सांगेन. पण त्याआधी थोडं माझं ऐका. मी एक जुना लोखंडी काटा आहे. खाली चौकोनी पाट, त्याच्या मागे उभा खांब आणि खांबावर आडवी दांडी. दांडीवर खुणा कोरलेल्या आहेत आणि त्यांवरून एक पितळी वजन पुढे-मागे सरकतं. पाटावरचा भार आणि सरकतं वजन जुळलं की दांडी हवेत मधोमध तरंगते. भार जास्त झाला तर ती वर जाऊन टण् असा आवाज करते. मला एवढंच बोलता येतं.

माझी कामाची वर्षं धरणगावात गेली. महावीरशेठचं गुरांच्या सरकी-ढेपेचं दुकान होतं आणि जीवरामआबा तिथले मापाडी होते. दरवर्षी वजनमापे खात्याचा माणूस मला तपासून शिक्का मारून जायचा. "काटा एकदम खरा आहे," असं तो म्हणाला की आबा मला कोरड्या फडक्याने पुसायचे, जणू मी परीक्षेत पहिला आलो आहे.

आबांची एक सवय होती. दांडी मधोमध आली की इतर मापाडी थांबतात. आबा थांबायचे नाहीत. गिऱ्हाइकाच्या पोत्यात वरून एक ओंजळ ढेप टाकायचे. दांडी टण् करून वर टेकली की मगच म्हणायचे, "घे भाऊ. वरताळा शे." वरताळा म्हणजे मापावरचं जास्तीचं. महावीरशेठ कुरकुरायचे, पण त्यांनाही ठाऊक होतं, की त्या एका ओंजळीसाठी लोक लांबून येतात. झुकतं माप देणारा माणूस म्हणून आबांची गावात ओळख होती.

पुढे दुकानात आकडे उजळणारा इलेक्ट्रॉनिक काटा आला. मी कोपऱ्यात गेलो. माझ्यावर रिकामी पोती आणि सुतळीची गुंडाळी पडली. आबा निवृत्त झाले त्या दिवशी महावीरशेठ म्हणाले, "जीवराम, शाल देऊ का घड्याळ?" आबा म्हणाले, "माले हाऊ काटा द्या." असा मी टेम्पोत बसून जळगावला, पिंप्राळ्यातल्या त्यांच्या घराच्या ओट्यावर आलो.

इथे काम हलकं होतं. आबांच्या पत्नी बेबाबाई माझ्यावर दळणाचे गहू मोजायच्या, रद्दीवाल्याशी हुज्जत घालायच्या. आणि त्यांची मुलगी मोहिनी माझ्या पाटावर बसून बुटांच्या नाड्या बांधायची. मोहिनी वनरक्षक आहे. शिरपूरच्या वर सातपुड्यात तिची हद्द होती. रोज दहा-बारा किलोमीटर डोंगर चालायची. सुट्टीला घरी आली की आधी माझ्यावर उभी राहायची आणि म्हणायची, "आबा, बघा, डोंगराने किती खाल्लं मला!"

एका नोव्हेंबरात ती आली आणि माझ्यावर उभी राहिली. दांडीने चोपन्न किलो सांगितलं, नेहमीसारखं. पण मित्रांनो, दांडी फक्त बेरीज सांगते. कोणत्या पायावर किती, हे फक्त पाटाला कळतं. त्या दिवशी जवळजवळ सगळा भार डाव्या पायावर होता. घरात कुणाला काही कळायच्या आधी मला कळलं होतं.

नाल्यातल्या शेवाळलेल्या दगडावरून पाय घसरून तिचा उजवा गुडघा पिरगळला होता. तीन महिने तिने औषधं घेतली, व्यायाम केले. तरी उतारावर गुडघा मध्येच अडकायचा आणि संध्याकाळी सुजायचा. शेवटी धुळ्याच्या डॉक्टरांनी तपासलं. त्या दिवशी ओट्यावर बसून मोहिनीने आईवडिलांना सगळं समजावलं.

हाडाच्या टोकावर कूर्चेचा पांढरा, गुळगुळीत थर असतो. त्यामुळे सांधा न घासता फिरतो. या थरात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तो फाटला तर कातडीसारखा आपोआप भरून येत नाही. मोहिनीच्या गुडघ्यात चिंचोक्याएवढी जागा उघडी पडली होती. डॉक्टर दुर्बिणीतून ती जागा साफ करणार होते आणि खालच्या हाडाला बारीक बारीक छिद्रं पाडणार होते. त्यांतून हाडातल्या पेशी वर येतात आणि हळूहळू नवा थर धरतात.

आबा दचकले. "हाडले भोकं पाडीसन गुडघा बरा व्हस का कधी? नको पोरी. तेल लावू, शेकू."

"आबा, तीन महिने शेकलाच ना!"

"आनि डॉक्टर काय म्हनस? बरं व्हई जाई?"

"बऱ्याच जणांना फायदा होतो, सगळ्यांना नाही, असं म्हणाले. हमी देणार नाही म्हणाले." मोहिनीने उजवा पाय लांब केला. "मी विचारलं, नाही केली तर? तर म्हणाले, खुर्चीवरचं काम करशील तर कदाचित निभेल. डोंगर मात्र विसर."

शिरपूरच्या कार्यालयात तिच्यासाठी टेबल तयारच होतं. साहेब चांगले होते. बस आणि नोंदी कर, म्हणाले होते. बेबाबाईंना हे फार आवडलं. "पंख्याखाली बसनं काय वाईट शे?" त्या म्हणाल्या.

 दोघं आत गेल्यावर मोहिनी माझ्या पाटावर येऊन बसली आणि बुटाच्या तळव्यात अडकलेला एक वाळका काटा नखाने काढत राहिली. बऱ्याच वेळाने तिने फोन लावला. "डॉक्टर, मी मोहिनी. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे तुम्ही सांगाल तसंच वागेन. तारीख द्या."

मार्चच्या मध्यावर धुळ्याला शस्त्रक्रिया झाली. मोहिनी दोन कुबड्या घेऊन घरी आली. दर गुरुवारी तिचा व्यायाम बघायला स्कूटरवरून फिजिओथेरपिस्ट येऊ लागली. ती आली, मला पाहिलं आणि ओरडलीच, "अय्या, हा तर आमच्या दुकानातला काटा!" ती महावीरशेठची नात, रुची. लहानपणी प्रत्येक वाढदिवसाला ती माझ्यावर उभी राहायची आणि ढेपेचा चुरा फ्रॉकला लागला म्हणून मार खायची.

रुचीने मला नवं काम दिलं, आणि खरं सांगतो, त्याएवढं मानाचं काम मला कधीच मिळालं नव्हतं. मोहिनीला उजव्या पायावर फक्त दहा किलो भार द्यायची परवानगी होती. पण दहा किलो म्हणजे किती, हे पायाला कसं कळणार? रुचीने माझ्या शेजारी माझ्या पाटाच्याच उंचीच्या विटा रचल्या. मोहिनीने डावा पाय विटांवर ठेवायचा, उजवा माझ्यावर, हातांनी समोरच्या खिडकीचे गज धरायचे आणि हळू दाबायचं. माझं पितळी वजन दहावर.

"नाना, दांडी मधोमध तरंगली की थांबायचं," रुची आबांना म्हणाली. "टण् नको. दिवसातून तीनदा. काट्यावरचा माणूस तुम्ही."

आबांची छाती फुगली. निवृत्तीनंतर प्रथमच कुणीतरी त्यांना काट्यावर उभं केलं होतं.

पहिले दहा दिवस सगळं अचूक चाललं. मोहिनीची पाठ माझ्या दांडीकडे असायची. ती दाबायची आणि आबा म्हणायचे, "बस. बरोबर!" मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ येऊ लागली. गल्लीतल्या लिंबाला दोर बांधले गेले, पोरी झोक्यांची गाणी म्हणू लागल्या. आमच्या खानदेशात आखाजीला मुलींनी उंच झोके घ्यायचे, उभ्याने, गुडघ्यांनी रेटा देत. आबा ते दोर बघायचे आणि मग मोहिनीचा पाय बघायचे.

एके सकाळी त्यांनी माझं पितळी वजन एक खूण पुढे सरकवलं. अकरा. मोहिनीने दाबलं, दांडी वर आली. "बरोबर!" दोन दिवसांनी बारा. मग तेरा. ओंजळ टाकताना जो हात पुढे यायचा, तोच हा हात होता. पोरीच्या बरं होण्यात ते वरताळा टाकत होते. मी खरा काटा आहे, मित्रांनो. पंधरावर लावलं तर पंधरालाच तरंगतो. "आबा, हे दहा नाहीत," असं म्हणायला मला तोंड नाही.

गुरुवारी रुची आली. तिने गुडघ्यावर हाताची पालथी बाजू ठेवली, मग दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली. फितीने घेर मोजला. तिचं हसू मावळलं.

"मोहिनी, गरम आहे. दोन सेंटिमीटर सूज वाढलीय. पडलीस?"

"नाही गं. सगळं दहावरच करतेय."

रुचीची नजर माझ्या दांडीवर गेली. पितळी वजन पंधरावर होतं. आबांनी ते लपवलंसुद्धा नव्हतं.

"नाना," ती हळूच म्हणाली, "वरून ओंजळ टाकलीत ना?"

आबा उत्साहाने म्हणाले, "जरासा वरताळा! पोर आखाजीले झोक्यावर बसाले पाहिजे, म्हनून..." आणि मुलीचा चेहरा पाहून ते थांबले.

बेबाबाई दारात उभ्या होत्या. "तुमना हात झुकताच शे! अहो, दही लागताना भांडं हलवतस का कोनी? विरजन घट्ट करासाठे रोज चमचा घाला म्हना!"

रुची म्हणाली, "काकू, यापेक्षा चांगलं मलाही सांगता आलं नसतं. आत्ता तिथे दहीच लागतंय."

मोहिनी खिडकीचे गज धरून तशीच उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज सरळ होता. "रुची, गेलं का सगळं?"

"माहीत नाही. डॉक्टरांना फोन करते."

डॉक्टरांनी आठ दिवस पायावर भार पूर्ण बंद केला. बर्फाचा शेक द्या, सूज उतरली की दहापासून पुन्हा मोजायला सुरुवात करा, म्हणाले. नवा थर टिकला की नाही, हे काही महिन्यांनी तपासणीतच कळणार होतं.

ते आठ दिवस आबा ओट्यावर आले नाहीत. नवव्या दिवशी मोहिनीनेच हाक मारली, "आबा! काट्यावर माणूस नाही. मी काय शेजाऱ्यांना बोलावू?"

आबा आले. दारातच उभे राहिले. "मी नही. मना हात खोटा शे."

"हात खोटा नाही, सढळ आहे. या इकडे. दहा लावा. आणि या वेळी मी दांडीकडे तोंड करणार, तुम्ही गज धरा."

आबा खरंच गज धरून उभे राहिले, आणि दोघंही हसली.

आखाजीला मोहिनी झोक्यावर बसली नाही. पण ती रिकामी राहिली नाही. माझ्याशेजारी खुर्ची टाकून तिने गल्लीतल्या सगळ्या पोरींची वजनं केली, मग आमरसाआधीची आणि आमरसानंतरची. एक पोरगी सातशे ग्रॅमने वाढली. दिवसभर एवढा गोंधळ माझ्यावर कधी झाला नव्हता.

मग दहाचे वीस झाले, विसांचे तीस, आणि जूनच्या सुरुवातीला कुबड्या माळ्यावर गेल्या. ऑगस्टमध्ये स्कॅन झालं. मोहिनी धुळ्याहून आली ती रिक्षातूनच ओरडत, "आबा, दही लागलं!" थर सगळीकडे सारखा नव्हता, मूळच्याइतका गुळगुळीत कधी होणारही नव्हता, पण चिंचोक्याएवढी जागा झाकली गेली होती. आबांनी त्या दिवशी मला कोरड्या फडक्याने पुसलं, खात्याचा माणूस शिक्का मारून गेल्यासारखं.

डिसेंबरात तिला डोंगरावर जायची परवानगी मिळाली. अट एकच होती. पहिले काही महिने पाठीवर पाच किलोंपेक्षा जास्त ओझं नको. बेबाबाईंनी सॅक भरली आणि आबांनी ती माझ्यावर ठेवली. पाच किलो नऊशे.

"काय घातलंस वं हिच्यात?"

"भरताची वांगी. तिथल्या पोरी भरीत खातीन."

"शिरपूरले वांगं भेटत नही का?" आबांनी एक वांगं काढलं. मग दुसरं. मग लाडवांचा डबा.

"अहो, लाडू तरी राहू द्या! एवढासा डबा!"

"नही. पाच म्हंजे पाच."

आयुष्यभर वरून ओंजळ टाकणारा तो माणूस वांगी काढत राहिला, दांडी मधोमध येईपर्यंत. मग त्याने हात मागे घेतला.

निघण्याआधी मोहिनी सॅक पाठीवर घेऊन माझ्यावर उभी राहिली. दांडीने एकोणसाठ सांगितलं. "चोपन्न मी, पाच सॅक. वरताळा नाही, आबा," ती म्हणाली. मी मात्र दुसरंच मोजत होतो. उजवी टाच, डावी टाच. दोन्ही सारख्या होत्या. एका वर्षानंतर, पहिल्यांदाच.

ती गेली. डबा माझ्यावरच राहिला होता. आबांनी त्यातला एक लाडू खाल्ला आणि दुसरा खाऊ की नको, म्हणून माझ्याकडे पाहिलं.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा एखादा काटा असेल तर त्याला सपाट जागी ठेवा आणि त्याच्या सांध्यांतली धूळ पुसत जा. आणि कुणी आजारातून उठत असेल तर प्रेमाने वरून ओंजळ टाकायच्या आधी दांडीकडे एकदा बघा. लाडवांना ही अट नाही. आबांनी दुसराही खाल्ला.