सोडण्याचं कारण

"अगं, एकच गुरुवार! स्वामी काय तुझी हजेरी घेतात का?" एग्मोरच्या ऑफिसातून गिरीधर फोनच्या स्पीकरवर कळवळून बोलत होता. "दोनची भेट प्राचार्यांनी साडेदहाची केली, त्यात आपला काय दोष?"

"अप्पा, ती नुसती हात हलवतीये," रंजनी म्हणाली.

"हो म्हणून की नाही म्हणून?"

रंजनीने आईकडे पाहिलं. "तेच तर कळत नाहीये."

अड्यारच्या त्या कॉलेजच्या व्हरांड्यात चंद्रिका मांडीवर फाईल घेऊन बसली होती. गुरुवारी बारापर्यंत मौन, हे व्रत तिला सासूबाईंनी दिलं होतं. चोवीस वर्षांत ते एकदाच मोडलं, रंजनी जन्मली त्या सकाळी. आणि ते ओरडणं बोलण्यात धरायचं नाही, असा निकाल सासूबाईंनीच देऊन टाकला होता.

आज मात्र मोडायचं, असं तिनं बसमध्येच ठरवलं होतं. बोलायचं तेही पाठ होतं: मुलीला टायफॉईड झाला, हजेरी कमी पडली, म्हणून कॉलेज सोडलं. ओळखीच्या डॉक्टरांचा दाखला फाईलमध्ये होता. खरी गोष्ट वेगळी होती. हेमलता या दुसऱ्या वर्गातल्या मैत्रिणीच्या जागी रंजनी परीक्षेला बसली आणि पकडली गेली. कॉलेजने दोघींनाही काढून टाकलं. गिरीधरने चार खेपा घातल्या, तेव्हा कुठे टीसीवर 'कॉलेज सोडले' एवढंच लिहून मिळालं. त्यानंतर तीन कॉलेजांनी जागा नाही म्हणून सांगितलं. हे चौथं. पुढे विचारायला कुणी उरलं नव्हतं.

आत बोलावल्यावर प्राचार्य अंबुजामॅडमनी फाईल उघडून टीसी वाचली आणि चष्म्यावरून चंद्रिकेकडे पाहिलं. "दुसऱ्या वर्षातच का सोडलं, अम्मा?"

चंद्रिकेने तोंड उघडलं. व्रत मोडलं तर प्रायश्चित्त होतं, एक उपास जास्त. पण इतकी वर्षं राखलेलं मौन सोडायचं, आणि पहिला शब्द बाहेर पडायचा तो खोटा? जीभ उचलेना.

"मॅडम, आई गुरुवारी बारापर्यंत बोलत नाही," रंजनी म्हणाली. "मी सांगते. मी सोडलं नाही. मला काढलं."

आणि तिनं सांगितलं. "हेमलताची आई आयसीयूत होती. परीक्षा पुढे घ्या म्हणून आम्ही विचारायला हवं होतं. विचारलं नाही. मीच जाऊन बसले."

"मग हा टायफॉईडचा दाखला?"

"मला टायफॉईड झालाच नव्हता."

गेलं, हेही गेलं, असं चंद्रिकेला वाटलं. तरी तिनं हात पुढे केला, टेबलावरचा तो दाखला उचलला, घडी घातली आणि पर्समध्ये टाकला. मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या.

"तिच्या पेपरात किती मार्क पडले?"

"पकडलं नसतं तर पन्नासात बेचाळीस, मॅडम. नंतर मी उत्तरं ताडून पाहिली."

"आणि तुझ्या स्वतःच्या?"

"एकतीस."

मॅडमना हसू आवरेना. "स्वतःसाठी एवढा अभ्यास केला असतास तर!" मग त्या गंभीर झाल्या. "दुसरं वर्ष पहिल्यापासून करावं लागेल. तुझ्याहून लहान मुलींबरोबर बसावं लागेल. आणि परत असं काही झालं, तर मी ऐकून घेणार नाही. कबूल?"

"कबूल, मॅडम."

चंद्रिकेने हात जोडले. फाईल उचलून ती उठली.

खाली क्लार्कबाईंनी फॉर्मवर बोट ठेवलं. "'सोडण्याचं कारण' इथं घरगुती अडचण लिही, कण्णा, बाळा. सगळे तेच लिहितात."

रंजनीने खरं होतं ते लिहिलं. एका ओळीत मावेना, तेव्हा अक्षर बारीक करून समासात गेली. चंद्रिकेने सगळं वाचलं आणि खाली पूर्ण नाव घालून सही केली.

सव्वाबाराला पुन्हा गिरीधरचा फोन आला. "काय सांगितलंस त्यांना?"

"मी काहीच नाही. तिनं सांगितलं. सगळं."

"आणि तरी घेतलं?"

"घेतलं हो," चंद्रिका म्हणाली, आणि पदराने डोळे पुसत हसली.

समोर ओळखपत्राच्या फोटोसाठी मुलींची रांग होती. त्या सगळ्यांत रंजनी वीतभर उंच दिसत होती. पुढच्या मुलीने मागे वळून विचारलं, "अक्का, तुम्ही इथं शिकवता का?"

"नाही गं," रंजनी म्हणाली, "तुझ्याच वर्गात आहे." आणि केस सारखे करून ती एक पाऊल पुढे सरकली.